डाव्या खांद्याची पिन

माणसाचं हृदय उजव्या बाजूला असतं, असं मी नववीपर्यंत समजत होते. शेणव्याच्या शाळेत विज्ञानाच्या वर्गात शरीराचा तक्ता टांगलेला असायचा. त्यातल्या माणसाची कातडी काढलेली, आत लाल-निळ्या नळ्या, तपकिरी यकृत, गुलाबी फुप्फुसं. सरांनी विचारलं, "हृदय कुठं असतं? हात ठेवून दाखवा." मी तक्त्याकडे बघितलं. हृदय माझ्या उजव्या हाताच्या बाजूला होतं, म्हणून मी छातीवर उजवीकडे हात ठेवला. सगळा वर्ग हसला.

सर हसले नाहीत. म्हणाले, "अगं, तो माणूस तुझ्याकडे तोंड करून उभा आहे. त्याचा डावा हात तुझ्या उजव्या हाताच्या समोर येणार." मी मान हलवली, पण कळलं काहीच नव्हतं. घरी आल्यावर आईला समोर उभं केलं आणि तिचा डावा हात कुठला ते शोधत बसले. आई म्हणाली, "अगो, तुझं बोट बघ. जिथं विळा लागलाय तो डावा."

ते बरोबर होतं. भात कापताना डाव्या मुठीत रोपं धरायची आणि उजव्या हाताने विळा ओढायचा. आमच्याकडच्या बहुतेक मुलींच्या डाव्या करंगळीवर विळ्याचा व्रण असतो. माझ्याही आहे. नंतर मी मुरबाडला कॉलेजात जाऊन बी.एस्सी. झाले, घराण्यातली पहिली पदवीधर, मग मुंबईला एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स केला आणि शहापूर-मुरबाड भागातल्या छोट्या दवाखान्यांत नोकरी करत आयुष्य काढलं. आता निवृत्ती जवळ आली. तरी डावं-उजवं ठरवताना माझी नजर आधी करंगळीकडे जाते. ज्या बाईचा सगळा धंदाच डाव्या-उजव्याचा, तिने हे छापायला देऊ नये, असं आमचे डॉक्टर म्हणतात. पण खरं आहे ते खरं आहे.

एक्स-रेला आमच्याकडे फोटो म्हणतात आणि मला फोटोवाली बाई. फोटो म्हटल्यावर लोकांना वाटतं, आतलं सगळं दिसतं. तसं नाही. हाड पांढरं दिसतं, हवा काळी दिसते, आणि मांस, रक्त, पाणी या सगळ्यांचा मिळून एकच राखाडी रंग. फुप्फुसं म्हणजे हवेच्या दोन पिशव्या, म्हणून त्या काळ्या. मध्ये हृदयाची राखाडी सावली, तिचं टोक डावीकडे झुकलेलं. खाली पडदा असतो. तो खाली गेला की छातीत हवा शिरते, वर आला की बाहेर पडते. पडद्याच्या खाली उजवीकडे यकृत आणि डावीकडे जठर. जठरात थोडी हवा असतेच, उभं राहिलं की ती वर येते आणि फोटोत काळ्या बुडबुड्यासारखी दिसते. माझ्या तक्त्यातल्या नळ्या मात्र साध्या फोटोत दिसत नाहीत, नसा तर नाहीतच. आणि दुखणं तर मुळीच दिसत नाही. हे शेवटचं लोकांना पटवताना माझा निम्मा जन्म गेला.

तानसा भागातले एक आजोबा होते, सोनू आजोबा. काठी टेकत आले, उजवा गुडघा धरून. गुडघ्याचा फोटो काढला, तो स्वच्छ. डॉक्टरांनी त्यांना आडवं करून पाय फिरवून बघितला आणि खुब्याचा फोटो काढायला सांगितलं. आजोबा भडकले.

"बाय, दुकतो गुडगा नि फोटो कमरेचा काडतास? तुमाला कलतंय काय?"

मी सांगितलं, "आजोबा, खुब्याची आणि गुडघ्याची खबर मेंदूला देणारी नस एकच आहे. खुबा झिजला तरी कधी कधी मेंदूला वाटतं गुडघाच दुखतोय."

"मेंदूला कलत नाय?"

"नाही कळत."

आजोबांनी टेबलावर पडल्या पडल्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे तानसाचं पानी. धरन आमच्या दारात, नि नल सुटतो मुंबईला."

मज्जासंस्थेवर मी कॉलेजात धडेच्या धडे वाचले होते, पण त्यातलं इतकं माझ्या लक्षात राहिलं नाही. फोटोत खुब्याचा सांधा झिजून गेलेला होता. आजोबांना दाखवला तर ते म्हणाले, "मंग हा का नाय दुकत?" शरीर आपलंच असून त्याची खबर आपल्याला अशी चुकीच्या पत्त्यावर का मिळावी, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. विचार केला की गोंधळ वाढतोच.

पण आयुष्यभरात मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं ते वनिताने.

वनिता विशीतली, नुकतं लग्न झालेली. नवरा कारखान्यात पाळीवर गेलेला, म्हणून सासू भागाबाई तिला घेऊन आली होती. वनिताच्या पोटात आदल्या दिवसापासून दुखत होतं. आधी बेंबीपाशी, मग खाली डाव्या अंगाला. अंगात ताप, दोनदा उलटी झालेली. ती कंबरेत वाकूनच चालत होती.

भागाबाईने निदान घरूनच आणलं होतं. "बेंबी सरकलीय तिची. डोकीवर भारा घेऊन उतरली ना, तवाच सरकली. आमच्या गावात एक म्हातारी हाय, पोट चोलून जाग्यावर आनते. तिला सांगून ठेवलंय. माजा पोरगा म्हनला आधी डाक्तर, म्हनून आलो. तुमी फोटो काडा बिगी, मी हिला नेते चोलायला."

हे पोट चोळणं आमच्याकडे घरोघर चालतं. माझंही लहानपणी चोळलेलं आहे, आणि बरं वाटल्याचं आठवतं. पण पोटात आत काही सुजून पिकलेलं असेल आणि त्याच्यावर तेल लावून अंगठा दाबला, तर ते फुटतं आणि पू सगळ्या पोटात पसरतो. मग माणूस वाचवणं कठीण. त्यामुळे आमच्या दवाखान्यात पोटदुखीचा पेशंट आला की डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "चोळलं नाही ना?" वनिताला अजून चोळलेलं नव्हतं. तेवढं नशीब.

आमचे डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, पण घाईत निर्णय न घेणारे. त्यांनी पोट दाबून बघितलं. उजवीकडे दुखतं का? नाही. डावीकडे? वनिता ओरडली. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेलं करंगळीएवढं शेपूट. ते सुजलं की असंच होतं, आधी बेंबीपाशी दुखतं, मग खाली सरकतं. पण ते सरकतं उजवीकडे. डावीकडे दुखतंय म्हणजे अपेंडिक्स नसावं, मुतखडा असेल, आतड्याची सूज असेल, बायकांचं काही असेल. सोनोग्राफीचे डॉक्टर आमच्याकडे रोज येत नाहीत. म्हणून त्यांनी मला आधी छातीचा उभ्याने फोटो काढायला सांगितलं. आतडं कुठं फाटलेलं असेल तर बाहेर आलेली हवा छातीच्या फोटोत पडद्याखाली दिसते, म्हणून पोटदुखीला छातीचा फोटो.

फोटोआधी अंगावरचं धातूचं सगळं उतरवावं लागतं, नाहीतर ते पांढरं उमटतं. माझ्याकडे त्यासाठी एक स्टीलची वाटी ठेवलेली आहे. मंगळसूत्र काढायचं म्हटलं की सासवा डोळे मोठे करतात, म्हणून ते मी दातात धरायला लावते. बाकी वाटीत. वनिताचा पदर सोडवला, डाव्या खांद्यावरची पिन काढून वाटीत टाकली आणि तिला प्लेटला छाती टेकवून उभं केलं. हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. "श्वास भर. धरून ठेव. सोड."

कॉम्प्युटरवर फोटो उमटला आणि मला वाटलं, मी काहीतरी घोळ घातला.

हृदयाचं टोक उजवीकडे होतं. जठराचा काळा बुडबुडाही उजवीकडे. पडद्याखाली बाहेरची हवा नव्हती, ते ठीक. पण बाकी सगळं उलटं. प्लेट उलटी गेली म्हणावं, तर प्लेटला उजव्या बाजूला शिशाचं एक अक्षर चिकटवलेलं असतं, ते फोटोत सरळच वाचता येत होतं. मी करंगळीकडे बघितलं. अक्षर लावलं ती बाजू उजवीच होती. तरी मनाला पटेना. मी अक्षर काढून पुन्हा लावलं, वनिताला पुन्हा उभं केलं, पुन्हा फोटो काढला. पुन्हा तेच.

कॉम्प्युटरमध्ये फोटो डाव्याचा उजवा करण्याचं एक बटण असतं. सांगायला हरकत नाही, माझा हात तिकडे गेला होता. हृदय डावीकडे असतं हे नववीत एवढं हसं होऊन शिकलेली मी. पण दाबलं असतं तर शिशाचं अक्षर उलटं झालं असतं. त्या अक्षरामुळे हात थांबला. मी दोन्ही फोटो तसेच डॉक्टरांकडे नेले.

त्यांनी बघितलं, वनिताच्या छातीला नळी लावली. "आवाज उजवीकडे मोठा येतोय खरा," असं म्हणाले. मग भागाबाईला विचारलं, "आधीचा कधी छातीचा फोटो आहे का?"

होता. लग्नाआधी वनिताच्या माहेरी एक तपासणीची गाडी आली होती. खोकल्यासाठी गावातल्या सगळ्यांचे फोटो काढले होते. भागाबाईने ती फिल्म भात झाकायच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात गुंडाळून आणली होती. डॉक्टरांनी ती उजेडाच्या पेटीवर लावली.

हृदय डावीकडे. बुडबुडाही डावीकडे. चार माणसांसारखं.

आता खरा गोंधळ सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, "ताई, जन्मतःच कुणाचं हृदय उजवीकडे असतं, ते मी पुस्तकात वाचलंय. पण हिचं तर आधी डावीकडे होतं. म्हणजे मधल्या काळात ते सरकलंय. हृदय असं आपोआप सरकत नाही. छातीत पाणी साचलं, फुप्फुस बसलं, तर ते ढकललं जातं."

"पण सर, फुप्फुसं दोन्ही स्वच्छ दिसतायत. पाणी कुठं आहे?"

"तेच तर कळत नाही. आणि जठराला कोणी ढकललं?"

आम्ही दोघं दोन फिल्मकडे आलटून पालटून बघत राहिलो. रस्ते दोन होते. जुना फोटो खरा धरला तर दुखणं छातीत कुठेतरी होतं आणि पोटदुखी हा त्याचा फाटा. मग वनिताला दाखल करून छातीच्या डॉक्टरांची वाट बघायची, ते दुसऱ्या दिवशी येणार. नवा फोटो खरा धरला तर ती जन्मतःच अशी आणि जुना फोटो खोटा, पण वर तिचं नाव घातलेला फोटो खोटा कसा म्हणायचा? बाकावर वनिता पाय पोटाशी घेऊन पडली होती. तिचे ओठ कोरडे पडले होते. भागाबाई येरझाऱ्या घालत होती आणि प्रत्येक फेरीला म्हणत होती, "चोलून आनते ना मी. बेंबीच हाय ती. तुमचं फोटो बघून व्हाचं नाय."

डॉक्टर तिला म्हणाले, "मावशी, या फोटोत बघा, पोटाच्या वर हे हृदय..." तिला गुंतवून ठेवावं, म्हणून ते जुना फोटो दाखवायला लागले.

भागाबाई पेटीजवळ आली. तिने फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "ही कोन?"

"तुमची सून."

"नाय. ही आमची वनी नाय. कोनाचा तरी दुसरीचा फोटो दिलाय तुमी."

मी म्हटलं, "मावशी, नाव लिहिलंय वर. हाडांवरून कसं ओळखता तुम्ही?"

"हाडं मला काय कलतात? पदर बघ ना." तिने बोट टेकवलं. फोटोच्या एका कोपऱ्यात, खांद्याच्या हाडावर एक छोटी पांढरी पिन होती. गाडीत गर्दी असते, पिना कोण काढत बसतं. डॉक्टरांनी ती बघितली होती, मीही बघितली होती. पिना आम्ही रोज बघतो, म्हणून त्या दिसत नाहीत. "हिची पिन हिच्या उजव्या खांद्याला हाय. उजव्या खांद्यावर पदर घेनारी आमच्यात कोन? गुजरातनी घेतात तसा. वनी, तू कवा घेतला गो असा पदर?"

वनिता कण्हत म्हणाली, "नाय आत्या. डाव्यावरच घेते."

"मंग बोल. दुसरीचा हाय फोटो."

मी वाटीत बघितलं. वनिताची पिन तिथे पडली होती, मी स्वतः डाव्या खांद्यावरून काढलेली. मग माझं डोकं कसं चाललं, ते मला सांगता येणार नाही, कारण चाललं ते हात होते. मी जुनी फिल्म पेटीवरून काढली, मागची बाजू पुढे केली आणि पुन्हा लावली. पिन डाव्या खांद्यावर गेली. आणि तिच्याबरोबर हृदय उजवीकडे गेलं, बुडबुडा उजवीकडे गेला. शेजारच्या नव्या फोटोसारखा तंतोतंत.

गाडीतल्या टेक्निशियनने ते बटण दाबलं होतं. तिथे बहुतेक शिशाचं अक्षर लावलेलं नसणार, ते नंतर कॉम्प्युटरवर टाकलेलं होतं. त्याला वाटलं असेल, आपल्या हातून फोटो उलटा निघाला, सरळ करून टाकू. बिचाऱ्याने चूक सुधारली होती. पोथीप्रमाणे हृदय डावीकडे आणून ठेवलं होतं. फक्त वनिताची पिन त्याच्या लक्षात आली नाही. पदर कुठल्या खांद्यावर असतो, याचा विचार एक्स-रेच्या कोर्समध्ये कोणी शिकवत नाही.

डॉक्टरांनी दोन्ही फोटोंवर बोट फिरवून बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ती अशीच जन्मली. हृदय उजवीकडे, जठर उजवीकडे. मग यकृत डावीकडे." आणि पुढे आमच्या दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "अपेंडिक्स डावीकडे."

ते उठून बाकापाशी गेले, वनिताच्या पोटावर डाव्या अंगाला हात ठेवला, हळू दाबला आणि झटकन सोडला. सोडल्यावर ती जास्त कळवळली. त्यांनी लगेच ठाण्याच्या सर्जनना फोन लावला. पलीकडून "डावीकडे? नक्की का?" असं परत परत विचारलं जात असावं, कारण डॉक्टर परत परत सांगत होते, "हो, डावीकडेच. सगळंच उलटं आहे. फोटो बरोबर पाठवतो. फोटो उलटा नाहीय, बाई उलटी आहे."

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत भागाबाईला आवरणं हे माझं काम. तिला अजून वाटत होतं, फोटो दुसरीचा होता म्हणून आम्ही घाबरलो. मी तिला सांगितलं, "मावशी, वनिताच्या आतलं सगळं आपल्या उलट बाजूला आहे."

ती वळून बाकावरच्या वनिताकडे बघायला लागली. "मंग ती जेवते कशी?"

प्रश्न बरोबर होता. मला कॉलेजात कोणी विचारला असता तर मी गडबडले असते. मी म्हटलं, "एकच वस्तू फिरली असती तर अडचण झाली असती. तिच्या सगळ्याच फिरल्यात. आपल्या घरात चूल एका कोपऱ्यात आणि मोरी दुसऱ्या, तिच्या घरात उलट. पण चुलीचा धूर कौलातूनच जातो आणि मोरीचं पाणी परसातच."

"आनि तिला कलत नाय?"

"नाही. तुम्हाला तरी कुठं कळतं, तुमचं कुठल्या बाजूला आहे ते?"

भागाबाईने हळूच स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग दुसऱ्या बाजूला. मग म्हणाली, "पोट चोलायला नाय न्यायचं, असंच ना?"

"नाही न्यायचं."

"बरं."

ती ॲम्ब्युलन्समध्ये चढली. वाटीतली पिन मी विसरलेच होते. ती खिडकीतून वनिताच्या हातात दिली.

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. सर्जननी आमच्या डॉक्टरांना कळवलं, अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, आणि डावीकडे होतं. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं आणि आम्ही दोघांनी चहा घेतला. दोन स्वच्छ फोटो समोर असून आम्हाला काही कळत नव्हतं आणि ज्या बाईला फुप्फुस कुठलं आणि यकृत कुठलं हे माहीत नव्हतं तिला पिन दिसली. ती निघाली होती सुनेचं पोट चोळायला, हेही खरं. कोणामुळे वनिता वाचली आणि कोणामुळे जवळजवळ गेली होती, याचा हिशेब मला लागत नाही. त्या गाडीतल्या टेक्निशियनवरही रागावता येत नाही. माझा हात त्याच बटणावर होता.

गावात मात्र बातमी पसरायची ती पसरलीच. म्हशाच्या जत्रेत भागाबाई भेटली. सोबतच्या बाया तिला चिडवत होत्या, "उलट्या कालजाची सून केलीस गो." भागाबाई म्हणाली, "माजं कालीज सुलटं असून काय गुन आलाय? तिला विचारा, सांगेल." वनिता पदराआड हसत होती. पदर डाव्या खांद्यावर, पिन नीट लावलेली. मी तिकडे बघितलं, हे तिने बघितलं.

पुढे एका सकाळी भागाबाई पुन्हा एक्स-रे खोलीच्या दाराशी उभी. या खेपेला वनिताच्या कडेवर बाळ, मुलगी. बारशाला थोडेच दिवस झाले असावेत, काजळाचा टिळा अजून मोठा होता.

"फोटो काड हिचा," भागाबाई म्हणाली. "बघू दे, हिचं कुटं हाय ते."

"मावशी, धडधाकट बाळाचा उगाच फोटो काढत नाहीत. त्या किरणांचा त्रास होतो. डॉक्टर नळीने बघतील."

"डाक्तर राहू दे. तू बघ."

मला नाही म्हणवेना. वनिताने बाळ माझ्या पुढ्यात टेबलावर ठेवलं. मी तळवा गरम करून घेतला आणि त्या एवढ्याशा छातीवर ठेवला. माझ्या हाताखाली सगळी छातीच उडत होती. डावीकडे, उजवीकडे, मध्ये, कुठं म्हणून सांगू? मी करंगळीवरचा व्रण बघितला. माझा डावा तो हा. पण बाळ माझ्याकडे तोंड करून पडलं होतं, म्हणजे माझा डावा तो तिचा... आणि मी पुन्हा शेणव्याच्या वर्गात, तक्त्यासमोर उभी.

"काय गो?" भागाबाई वाकून बघत होती. "कलत नाय?"

"नाही कळत, मावशी. सगळीकडेच हाताला लागतंय."

"लागतंय ना?"

"हो. जोरात."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि नातीला उचलून खांद्यावर घेतलं. कुठल्या खांद्यावर, ते मी बघितलं नाही.